'शॅडो ऑफ द पास्ट' : कादंबरीचा पाया की माहितीचा भडिमार?

अर्धविराम
टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीचा पहिला खंड 'द फेलोशिप ऑफ द रिंग' (१९५४), त्याचं हे दुसरं प्रकरण. पहिल्यात बिल्बो या बुटक्या हॉबिटचा १११ वा वाढदिवस, आतषबाजी, आणि भाषण करता करता उत्सवमूर्तीच गायब! दुसऱ्यात काय? जादूगार गँडाल्फ बोलतो, बिल्बोचा वारस फ्रोडो ऐकतो : बिल्बोने मागे ठेवलेली अंगठी खरं तर काय आहे. ती अंगठी पूर्वी ज्याच्याकडे होती त्या गोलमला शोधणं, त्याच्याकडून सगळं वदवून घेणं हा खरा थरार पडद्याआड उरकलेला, आपल्या वाट्याला फक्त त्याची हकिकत. शिवाय अंगठी घडवणारा सॉरॉन, ती त्याच्या हातून कापून घेणारा इसिल्दुर, मग एलेन्दिल, गिल-गालाद ही नावं एका दमात. माझ्या मते अर्धं प्रकरण सहज कापता आलं असतं.

तळटीप
साफ असहमत. ऐकणाऱ्याला गरज नसताना सांगितलं की तो भडिमार. इथे पुरावा आधी येतो, खुलासा नंतर. मेजवानीच्या दिवशी ३३ पूर्ण केलेला फ्रोडो आता पन्नाशीला टेकलाय, पण दिसतो तसाच. गावात कुजबुज सुरू झालीय. मग 'ग्रीन ड्रॅगन' या गुत्त्यात, चालतं झाड दिसल्याच्या बातमीवरून फ्रोडोचा माळी सॅम याची गावातल्या टेड सँडीमनशी जुंपते. मग अंगठी विस्तवात. गँडाल्फ ती चिमट्याने बाहेर काढतो, तर ती गार, आणि तिच्यावर आगीसारखी अक्षरं! इतिहास सुरू होतो तो यानंतर. क्रम उलटा करून बघा, सगळं प्रकरण पाठ्यपुस्तक होईल.

पानपलट
आणि ती खिशाची जागा विसरलात? गँडाल्फ म्हणतो, नष्ट करायचीय ना, मग टाक आगीत. फ्रोडो खिशातून अंगठी काढतो. साधी, गुळगुळीत, सुंदर. तळहातावर तोलतो, मन घट्ट करून भिरकावल्यासारखा हात हलवतो आणि बघतो तर अंगठी परत खिशात! कधी ठेवली ते त्यालाही कळलेलं नाही. अंगठीची ताकद म्हणजे काय, हे त्या एका हालचालीत कळतं. पुढे तो ती गँडाल्फलाच देऊ करतो, तर गँडाल्फ दचकून उठतो.
नकलाकारांचं गाडं इथेच अडतं. त्यांच्याकडे शेकोटी असते, म्हातारा जादूगार असतो, हजारो वर्षांचा इतिहास असतो. खिसा नसतो.

अर्धविराम
खिसा मान्य, तोच या प्रकरणाचा प्राण. पण मग स्मेआगोल (म्हणजे पूर्वीचा गोलम) आणि त्याचा मित्र देआगोल यांचं काय? देआगोलला सापडलेली अंगठी स्मेआगोलने वाढदिवसाची भेट म्हणून मागणं, नकार, गळा दाबून खून. एवढं जबरदस्त दृश्य, आणि गँडाल्फ ते दोन-चार वाक्यांत गुंडाळतो. ते प्रत्यक्ष का नाही दाखवलं?

तळटीप
कारण खून हा तिथला मुद्दाच नाही, निवाडा हा मुद्दा आहे. फ्रोडो म्हणतो, बिल्बोने गोलमला गाठ पडली तेव्हाच मारायला हवं होतं. गँडाल्फ म्हणतो, दयेनेच तर त्याचा हात आवरला. या वादाला सांगणारा आणि ऐकणारा समोरासमोर हवेत. दृश्य दाखवलं असतं तर गोलमची शिसारी आली असती, वाद उभाच राहिला नसता. आणि कादंबरीचा शेवट त्याच वादावर टेकलाय (पुढचं सांगत नाही).

उंबरठा
नव्या वाचकांची अडचण मात्र खरी आहे. बिल्बोला अंगठी सापडते ते आधीचं पुस्तक, 'द हॉबिट', वाचलं नसेल तर प्रास्ताविकातला चौथा भाग, अंगठी सापडण्याचा, आधी वाचा. तंबाखू आणि शायर या हॉबिटांच्या मुलखाचा कारभार, हे भाग खुशाल नंतर. या प्रकरणात सॉरॉन, इसिल्दुर, गोलम ही तीनच नावं धरून ठेवा, बाकीची पुढे एल्फ-सरदार एलरॉन्डच्या सभेत पुन्हा भेटतात. आणि प्रत्येक नावासाठी परिशिष्ट उघडू नका. तिथल्या सनावळीत पुढचं सगळं फुटतं.
जाता जाता : हे प्रकरण दुसऱ्या महायुद्धाचं रूपक आहे असं हमखास कोणीतरी म्हणतंच. ते १९३९ चं सावट गडद होण्याच्या बरंच आधी लिहिलंय, असं टोल्किनने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट केलंय. शिवाय तिथे त्याला कळीचं प्रकरण म्हटलंय. अर्धं कापणाऱ्यांनी नोंद घ्यावी :)

अर्धविराम
घेतली. लेखकाला आपलं लेकरू लाडकं असणारच! पण खिडकीचं काय? एवढा शहाणा गँडाल्फ जगातलं सगळ्यात मोठं गुपित उघड्या खिडकीशी बसून सांगतो, आणि सॅम खाली कान देऊन बसलेला. ही लेखकाची सोय नाही?

पानपलट
सोय आहेच, पण आधी पेरलेली. अंगठी विस्तवात टाकल्यावर गँडाल्फ खिडकीची दारं लावतो, पडदे ओढतो. तरी सॅमच्या कात्रीची कचकच पुसट ऐकू येत असते, आणि आता ती खिडकीच्या जास्त जवळ आलेली असते. पुढे खिडकी उघडते, सॅम शीळ घालत बाहेरून जातो. अगदी शेवटी आत-बाहेर सगळं चिडीचूप होतं आणि गँडाल्फ बोलता बोलता थांबतो. कात्री कधी थांबली, हे तोवर आपल्याही लक्षात आलेलं नसतं.