घरातली कौटुंबिक प्रार्थना टिकत नाही, नेमकं काय बदलू?

सांजवेळ_पिंपरी
सर्वांना जय ख्रिस्त. घरात आम्ही दोघं, मुलगी १३ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. सासूबाई श्रीरामपूरला असतात. यजमानांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. रात्रीची प्रार्थना जोमात सुरू होते आणि पंधरवड्यात बारगळते. बायबल पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, क्रमाने वाचायला घेतलं की गाडी दुसऱ्याच पुस्तकात, निर्गमात, अडकते. धाकटा पेंगतो, मोठी तोंड फुगवून बसते. दोघं इंग्रजी माध्यमात, त्यामुळे मराठी शास्त्र वाचताना अडखळतात. किती वेळ, काय वाचायचं, कोणी काय करायचं, ते नेमकं सांगा. ‘सातत्य ठेवा’ एवढंच नको, ते दर रविवारी ऐकतोच :)

नगरकर
ताई, आधी वेळ कापा. सहा वर्षांचं मूल बसणार असेल तर सगळं मिळून १५ मिनिटं, त्याच्या वर नाही. गीताची दोनच कडवी (३ मिनिटं), वाचन (३), एक प्रश्न आणि त्यावर गप्पा (४), प्रत्येकाची एकेक वाक्याची प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना (‘हे आमच्या स्वर्गातील बापा’). बहुतेक घरांत घोळ होतो तो मोठ्यांच्या प्रार्थनेत. बाबांची प्रार्थना जगातल्या सगळ्या राष्ट्रांवरून फिरून येईपर्यंत धाकटा झोपलेला असतो. लांब प्रार्थना मुलं निजल्यावर नवरा-बायकोने करावी, तिची जागा तीच.

शिफ्टच्या घरात ‘रात्री साडेआठ’ अशी वेळ ठरवू नका, कामाला जोडून घ्या: जेवणं झाली, ताटं अजून उचललेली नाहीत, तेव्हाच. एकदा सगळे उठले की परत गोळा करण्यात दहा मिनिटं जातात आणि आवाजही चढतो. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात यजमान जेवायला नसतात आणि परततात तेव्हा मुलं झोपलेली असतात. त्या आठवड्यात प्रार्थना सरळ सकाळी घ्या, शाळेची बस येण्याआधी पाच मिनिटं: एक छोटं स्तोत्र (११७वं दोनच वचनांचं आहे), प्रभूची प्रार्थना, आणि बाबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. आठवडाभर एवढंच, आणि तेवढं पुरतं.

वाचनाचं म्हणाल तर निर्गमाच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची (देवाच्या उपासनेच्या तंबूची) मापं सुरू होतात आणि पुढे लेवीय हे नियमांचं पुस्तक येतं. सहा वर्षांच्या मुलाला ते झेपणार नाही. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. १६ अध्याय, साधारण ६७८ वचनं. रोज बारा वचनं, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे बारा आठवड्यांत पुस्तक पूर्ण. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केलीत तर शेवटचे अध्याय काही वर्षी दुःखसहन सप्ताहाच्या (ईस्टरआधीच्या आठवड्याच्या) आसपास येतात. पण बाराचा आकडा धरून गोष्ट मध्येच तोडू नका. वादळ शांत केल्याची गोष्ट (४:३५-४१) सातच वचनांची आहे, तेवढीच वाचा. याइराची मुलगी आणि गर्दीत वस्त्राला शिवणारी स्त्री (५:२१-४३) एकमेकींत गुंफलेल्या आहेत, त्या दिवशी तेवीस वाचा. १३वा अध्याय धाकट्यासाठी सोडला तरी चालेल.

रविवारशाळा_शिक्षिका
नगरकरांशी सहमत, पण तो ‘एक प्रश्न’ कोणता हे महत्त्वाचं. ‘यातून आपण काय शिकलो?’ असं विचारलंत की मुलं ठरलेलं उत्तर देतात, ‘देवावर विश्वास ठेवावा’, आणि विषय संपतो. गोष्टीच्या आतलं विचारा. वादळाच्या गोष्टीत: येशू नावेत कुठे झोपला होता, कशावर डोकं ठेवून? वादळ थांबल्यावरही शिष्य का घाबरले? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यांनाही चटकन येत नाही, म्हणून तिथे खरी चर्चा होते. आईबाबांना उत्तर माहीत नसलं तर ‘पाळकांना विचारू’ म्हणा आणि रविवारी मुलीलाच विचारायला लावा.

अडखळण्यावर उपाय: सगळा उतारा मुलाकडे देऊच नका. दुपारीच दोन वचनं पेन्सिलीने खूण करून द्या आणि एकदा मोठ्याने वाचून घ्या. रात्री तेवढीच त्याची, बाकी तुम्ही वाचा. सर्वांसमोर चूक दुरुस्त केली की दुसऱ्या दिवसापासून मूल वाचत नाही. पाठांतरासाठी मात्र चर्चमध्ये वाचतात तेच भाषांतर ठेवा, म्हणजे रविवारी कानावर पडतं ते आणि घरचं एक राहतं. सोमवारी पाटीवर वचन लिहा, रोज दोन-तीन शब्द पुसा, शुक्रवारी कोऱ्या पाटीकडे बघून म्हणायचं. आठवड्याला एकच, आणि छोटं: १ योहान ४:१९, फिलिप्पै ४:४.

आता तेरा वर्षांच्या मुलीबद्दल. तिच्यासमोर ‘प्रभू, हिला मोबाईल सोडून अभ्यास करायची बुद्धी दे’ अशी प्रार्थना होत असेल तर ती आजच थांबवा. ती प्रार्थना नसते, ते डोळे मिटून रागावणं असतं, आणि मुलांना ते लगेच कळतं. तसंच तिने घरात सांगितलेली गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. एकदा असं झालं की ती पुन्हा काही सांगायची नाही.

तिला मोठ्याने प्रार्थना करायची सक्ती नको. काम द्या: गीत तीच निवडेल आणि प्रार्थनेची वही तीच सांभाळेल. शंभर पानी वही, चार रकाने: तारीख, कोणासाठी, काय मागितलं, पुढे काय झालं. चौथा रकाना महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून भरायचा. काही ओळींपुढे ‘नाही’ किंवा ‘अजून नाही’ असंही लिहावं लागतं, ते लिहू द्या. मोठ्यांनीही स्वतःसाठी मागावं. ‘उद्या साहेबांशी बोलायचं आहे, मला भीती वाटते’ असं बाबांनी म्हटलं की घर जवळ येतं, ते वचनं पाठ करून येत नाही.

बंगलीवाडी
आमच्या वसईकडच्या कॅथलिक घरांचाही विचार यात यावा. अख्खी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणजे पाच दशकं, १५ ते २० मिनिटं. सहा वर्षांच्या मुलासाठी एकच दशक धरा: एकदा ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, दहा वेळा ‘नमो मरिया’, शेवटी ‘गौरव’ ही छोटी प्रार्थना. चार मिनिटांत होतं. प्रत्येक दशकाला एक रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग, मनात धरायचा: सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची (ही २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जोडली). दशक सुरू होण्याआधी रहस्याचं चित्र मुलाच्या हातात द्या, म्हणजे डोळ्यांनाही काम राहतं. घाई झाली की ‘पवित्र मरिये’ हा प्रतिसाद ‘नमो मरिया’चा पहिला भाग संपायच्या आतच सुरू होतो आणि सगळी नुसती गुणगुण होते. एका धाकट्याला दशक चालवायला दिलं की वेग आपोआप कमी होतो. गोव्यात प्रार्थना झाल्यावर लहानांनी मोठ्यांकडे बेसांव (आशीर्वाद) मागायची रीत आहे. ती कुठल्याही घराने उचलावी अशी आहे, रुसलेलं मूलही त्या निमित्ताने जवळ येतं.

सांजवेळ_पिंपरी
खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. वहीचं मुलीला सांगितलं, तिने लगेच स्वतःची जुनी वही काढली. दोन प्रश्न राहिले. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर घेतलं की गाणं पुढे-मागे होतं, काय करावं? आणि आगमनकाळात (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात) मुलांसाठी काही वेगळं?

नगरकर
आवाज पोचायला थोडा वेळ लागतोच, त्यामुळे कॉलवर एकत्र गाणं जमत नाही, कितीही चांगलं नेट असलं तरी. गीत एकाच बाजूने म्हणायचं, दुसऱ्या बाजूचा माईक बंद. प्रभूची प्रार्थनाही एकाने वाक्य म्हणावं, मग दुसऱ्यांनी. आजींना वाचन किंवा शेवटचा आशीर्वाद द्या, त्यात उशीर जाणवत नाही. फोन हातात धरू नका, ताटलीला टेकवून ठेवा. आठवड्यातून एकच दिवस, शनिवार, म्हणजे त्यांनाही वाट पाहता येते. आणि गीत चर्चच्या पट्टीपेक्षा दोन स्वर खाली धरा, घरात वरच्या सुरात मुलांचा आवाज फाटतो.

रविवारशाळा_शिक्षिका
आगमनकाळासाठी पुष्पचक्र. स्टीलच्या परातीत चार मेणबत्त्या: तीन जांभळ्या, एक गुलाबी, मध्ये पांढरी. दर रविवारी एक वाढवायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी, पांढरी नाताळच्या दिवशी. सूचिपर्णी फांद्या शोधत बसू नका, अशोकाची किंवा क्रोटनची पानं चालतात, पण दर रविवारी बदला. वाळलेली पानं मेणबत्तीजवळ पटकन पेटतात. फक्त वाचनापुरती पेटवलीत तरी पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळते, म्हणून ती सगळ्यांत जाड घ्या. पेटवण्याचं काम मोठीचं, विझवण्याचं धाकट्याचं, फुंकर न मारता टोपणाने, म्हणजे मेण उडत नाही. आणि करंज्यांच्या दिवशी वाचन वेगळं घेऊ नका, सारण भरता भरता लूकातली जन्मकथा (२:१-२०) मुलीला मोठ्याने वाचायला सांगा, तिचे हात पिठात नसले तर.