मदत हवी आहे: बीकेसीहून रात्री थिवीची गाडी कशी गाठावी?

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी, १९ नोव्हेंबर २०१६ला, मुंबईत बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) एमएमआरडीए मैदानावर गरिबीविरुद्ध जागृतीसाठी ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हल आहे. भाचीने ऑनलाइन कामं करून, गुण जमवून दोन पास मिळवले, सोबतीला मामा! तिथे गाणाऱ्या कोल्डप्ले या बँडचं वेड तिचं, गर्दीची धास्ती माझी. (मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराएवढीच गर्दी झेपते.)

जाताना गोव्यातल्या थिवीहून कोकणकन्या एक्सप्रेस, दादरला उतरू. अडलंय परतीचं. रात्री ११ नंतरची कोकणकन्या पकडायला सीएसटीला जावं, की कुर्ल्याहून लोकलने ठाणं गाठावं? मैदानातून बाहेर पडायलाच किती वेळ लागेल? शिवाय पाचशे-हजारच्या नोटा बंद, एटीएमपुढे ही रांग. कुर्ल्यापर्यंत रिक्षाला सुटे किती ठेवू?