'ड्रायव्हर'मधला टॅनर खरंच पोलीस आहे, की तो नुसता बहाणा?

रात्रपाळी
गाडीच्या गेममध्ये हीरोला पोलीस करतात ते निव्वळ आईबापांची समजूत काढायला, असं परवा एक मित्र म्हणाला. मला अजिबात पटलं नाही. 'ड्रायव्हर' घ्या. १९९९ साली प्लेस्टेशनवर आला, २००९ मध्ये गेमलॉफ्ट या कंपनीने आयफोनवर आणला. टॅनर हा पूर्वीचा रेसर, आता पोलीस. ओळख लपवून टोळीत शिरतो ते त्यांचा ड्रायव्हर म्हणून. कामं येतात खोलीतल्या आन्सरिंग मशीनवर, म्हणजे फोनचे निरोप रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रावर. स्क्रीनवर दोन पट्ट्या, एक गाडीच्या नुकसानीची, दुसरी गुन्ह्यांची. पोलिसांच्या देखत सिग्नल तोडला की दुसरी भरत जाते. मागे दरोडा घालून आलेली माणसं बसलीत आणि मी गेममधल्या मायामी शहरात लाल दिव्याला गपचूप उभा आहे, कारण शेजारी पोलिसांची गाडी आहे. त्याच्याच खात्याची माणसं त्याच्या मागावर! नुसत्या शर्यतीच्या गेममध्ये हा ताण मला कधी मिळाला नाही.

दोन मुलांची आई
तुम्हीच लिहिलंय, "पोलिसांच्या देखत". माझा आक्षेप तिथेच आहे. कोणी बघत नसेल तर कितीही सिग्नल तोडा, पट्टी हलत नाही. माझा १२ वर्षांचा मुलगा फोनवर हा गेम खेळत होता, मी शेजारी बसले होते. चौक आला. त्याने रस्त्याकडे नाही, कोपऱ्यातल्या नकाशाकडे बघितलं, "पोलीस नाहीयेत" म्हणाला आणि घातली गाडी. पुण्यात त्याला शाळेत सोडताना हेच वाक्य मी सिग्नलला रोज ऐकते, मोठ्या माणसांच्या तोंडून. आपण स्वतः पोलीस आहोत हे त्याला मी विचारल्यावर आठवलं.

हँडब्रेक
ताई, दोष फोनचाही आहे. मूळ गेम सुरू होतो गॅरेजमधल्या परीक्षेने. ६० सेकंदांत हँडब्रेक, खांबांमधून नागमोडी, १८० अंशांत वळण, सगळं करून दाखवायचं. मी कित्येक दिवस तिथेच अडकलो होतो. तिथून बाहेर पडलो तेव्हा गाडी हातात बसली होती, मग सावकाश चालवण्यातही मजा होती. फोनच्या काचेवर अंगठा फिरवून गाडीचं वजन कळत नाही. गाडीच हातात बसली नाही तर पोरं सुसाटच सुटणार.

रात्रपाळी
फोनबद्दल सहमत. पण ताई, या गेममध्ये रस्त्यावरचा माणूस गाडीखाली येतच नाही, उडी मारून बाजूला होतो. तेवढी काळजी बनवणाऱ्यांनी घेतली आहे.

दोन मुलांची आई
मला तेच जास्त घातक वाटतं. माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत, काठी टेकत रस्ता ओलांडतात. समोरचा उडी मारेल या हिशेबाने कोणी गाडी घातली तर ते कुठे उडी मारणार? गेम बंद करा असं मी म्हणत नाही. कोणी बघत नसलं तरी सिग्नल तोडल्यावर ती पट्टी भरू दे. नायक पोलीस आहे ना, मग तो स्वतः तर बघतोच आहे.

रात्रपाळी
असा बदल केला तर गेम फार अवघड होईल. तरी मी खेळेन.