वॉटरपार्क एप्रिलमध्येच उरका की!
सुट्टीत वॉटरपार्क म्हणजे दिवसभर रांगच, असं म्हणतात. मे महिन्यात होय, खरंच. पण आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या पोरांना सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच पडते, आणि तेव्हा महाराष्ट्रातल्या शाळा अजून चालूच असतात. म्हणून कोल्हापूरकडं जायचं तर एप्रिलात, तेही शनिवार-रविवार सोडून जावा. महाराष्ट्रातल्या मावशीकडची भावंडं सोबत हवीत म्हणून मेपर्यंत थांबलात की मग रांग आलीच. पाण्यातल्या खेळांना बऱ्याच ठिकाणी सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे घरनंच न्या. गेटवर भाड्याचे घ्यायला आमच्या आत्याबाई तयारच होईनात!

आजी-आजोबा असतील तर कोल्हापूरच्या अलीकडं कणेरी मठावरचं ग्रामजीवन संग्रहालय बघा. माणसाएवढे पुतळे, कुंभार, न्हावी, सगळे बलुतेदार. तिथं म्हातारी माणसं पोरांपेक्षा जास्त रमतात.