‘इम्बोंगी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतल्या कवितेवर लिहिताना ‘इम्बोंगी’ हा शब्द सारखा येतो. ‘स्तुतिपाठक’ चालेल का?

उत्तर : कृपा करून नको. स्तुतिपाठक काय किंवा भाट काय, मराठीत दोन्हींना लाचारीचा वास आहे. इम्बोंगी हा खोसा आणि झुलू लोकांचा मौखिक कवी. ‘बोंगा’ म्हणजे गौरव करणे. झुलूत आभार मानताना म्हणतात ते ‘न्गियाबोंगा’ याच धातूचं. त्याच्या काव्याला झुलूत ‘इझिबोंगो’ म्हणतात. बिरुदांमागून बिरुदं येत जातात, म्हणून तिथे ‘बिरुदावली’ छान बसेल. पण गौरव करता करता चुकलेल्या राजाला चारचौघांत सुनावण्याचा हक्कही इम्बोंगीचाच.

तो हक्क त्यांनी गोऱ्या सत्तेपुढेही सोडला नाही. १९२५ साली ब्रिटनचा युवराज आला, तेव्हा खोसा कवी म्खायी यांनी स्वागताच्याच थाटात ऐकवलं की तुम्ही आम्हाला बायबल दिलंत, दारूची पिंपं दिलीत आणि तोफाही दिल्यात. हेच म्खायी पुढे मंडेलांच्या शाळेत आले. बिबळ्याचं कातडं पांघरलेले, हातात भाला. त्यांनी कवितेत आकाशातले तारे जगातल्या राष्ट्रांना वाटून टाकले. युरोपला आकाशगंगा दिली आणि पहाटेचा तारा राखला खोसांसाठी. मिशनच्या शाळेत, गोऱ्या मुख्याध्यापकांदेखत! पोरांना काय वाटलं असेल, ते मंडेलांच्या आत्मचरित्रातच वाचावं.

१९८४ मध्ये डर्बनच्या टायर कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या आल्फ्रेड काबुला यांनी इझिबोंगो रचली ती राजावर नव्हे, कामगार संघटनेवर. या संघटनेला ते आफ्रिकेचं चालतं काळं अरण्य म्हणतात. राजाचा मान त्यांनी कामगाराला दिला. मला या परंपरेतलं हे सगळ्यात मोठं पाऊल वाटतं.

प्रश्न : मग ‘शाहीर’?

उत्तर : जवळचा आहे, विशेषतः अमर शेख, अण्णा भाऊ आठवले की. पण शाहिराबरोबर डफ आणि झीलकरी येतात. इम्बोंगी एकटा, बहुधा वाद्याविना, उत्स्फूर्त म्हणतो. म्हणून मूळ शब्दच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘लोकांचा वाणीकवी’ असा खुलासा करा.

आणि ‘ती इम्बोंगी’ही बिनदिक्कत लिहा. परंपरेने हा मान पुरुषाचा. तरी नोंत्सिझी म्ग्क्वेथो या खोसा कवयित्रीने १९२० च्या दशकात जोहान्सबर्गच्या वृत्तपत्रातून त्याच घाटात कविता लिहिल्या, आणि स्वतःच्या नेत्यांनाही सोडलं नाही.