झेलेन्स्की हिरो, पुतिन व्हिलन: मीम्सनी नेमकं काय साधलं?

वाटसरू: "मीम्सनीच पुतिनला उघडं पाडलं" ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. ७ फेब्रुवारी २०२२ला फ्रान्सचे अध्यक्ष माक्रों पुतिनसमोर क्रेमलिनच्या त्या लांबलचक टेबलाच्या टोकाला बसले होते. आपण टेबलाची थट्टा करत बसलो. तेव्हा युक्रेनच्या सीमेवर लाखावर रशियन सैनिक जमले होते. १७ दिवसांनी हल्ला झाला. ज्याला घाबरायला हवं होतं, त्याला आपण विदूषक करून टाकलं.

मीरा: म्हणजे आपण हसलो म्हणून रणगाडे आले? काहीही! युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की पळाले अशी आवई उठली, तेव्हा २५ फेब्रुवारीच्या रात्री ते कीव्हच्या रस्त्यावर उभे राहून म्हणाले, आम्ही सगळे इथेच आहोत. हिरो त्यांना त्या धाडसाने केलं. मीम्स मागाहून आले.

काळवीट: आणि 'घोस्ट ऑफ कीव्ह', रशियाची विमानं पाडणारा म्हणून गाजवलेला युक्रेनी वैमानिक? त्याची म्हणून फिरलेली क्लिप चक्क व्हिडिओ गेममधली होती. एप्रिलअखेर युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितलं की ती दंतकथा आहे. तोवर जगभर फिरून झाली होती.

मीरा: तो वैमानिक नेता नव्हता. विषय नेत्यांचा चाललाय.

काळवीट: विषय तोच आहे. काळ्या समुद्रातल्या स्नेक आयलंडवरचे युक्रेनी सैनिक शहीद झाले असं खुद्द झेलेन्स्कींनी जाहीर केलं. ते जिवंत होते, रशियाच्या कैदेत. त्यांच्या घरच्यांचं काय झालं असेल?

मीरा: संपर्क तुटला होता हो! युक्रेनच्या नौदलाने चार दिवसांत खुलासाही केला. सगळ्याला प्रोपगंडा म्हणू नका.

रेवा: माझा मामेभाऊ युक्रेनमध्ये खारकिव्हला मेडिकलला होता. तळघरात बसून फोनची बॅटरी पुरवून वापरत होता. इकडे आमच्या फॅमिली ग्रुपवर पुतिनचे अस्वलावर बसलेले फोटो, खाली हसण्याच्या इमोजी. मामीने ग्रुप सोडला. तो घरी पोचला तरी ती परत आली नाही. तुमच्या हिरो-व्हिलनच्या खेळात तळघरातला माणूस कुठेच नसतो.

मीरा: रेवा, मामींचा राग पटतो. पण तळघरातले युक्रेनियनही विनोद करत होते, त्यावर तग धरत होते. तो हक्क त्यांचा.

वाटसरू: त्यांचा हक्क मान्य, आपला नाही. आणि हिरो केलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत त्याचं काय? २०२४मध्ये झेलेन्स्कींनी सैन्यातल्या सक्तीच्या भरतीचं वय २७वरून २५वर आणलं, त्यावर मी इथे दोन ओळी लिहिल्या तर तुम्हीच मला पुतिनभक्त म्हणालात.

मीरा: म्हणाले होते. तो शब्द मागे घेते, भरतीबद्दलचं मत नाही. सैनिक कमी पडत असताना दुसरं काय करायचं, ते सांगा.