मदत हवी आहे: स्ट्रट बार बसवल्यापासून पुढून टक-टक आवाज

घाटवेडा
नमस्कार मंडळी. गाडीला पुढे स्ट्रट बार (बोनेटखाली दोन्ही शॉकअपची वरची टोकं जोडणारी पट्टी) बसवून घेतला, तेव्हापासून उजवीकडून टक-टक सुरू झालंय. बार नेमका किती आवळायचा असतो? गॅरेजवाला म्हणतो "बसेल हळूहळू". शनिवारी आंबोलीला निघायचंय, तेव्हा जरा लवकर सांगा. गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

पाना१३
गाडी कुठली? बार कसला, अखंड की लांबी कमी-जास्त होणारा? आवाज कधी येतो: खड्ड्यात, वळणावर, की उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवल्यावर? भविष्य विचारताय तर पत्रिका तरी द्या.

घाटवेडा
मित्सुबिशी सीडिया. बार बाहेरून मागवलाय, मधला दांडा फिरवून लांबी बदलते तो. खड्ड्यात येतो.

चौथा_गिअर
सीडिया! अजून कुणीतरी सांभाळतंय हे वाचून बरं वाटलं. मागे मल्टिलिंक सस्पेन्शन, घाटात रुळावर असल्यागत जाते. विकायची झाली तर आधी मला सांगा.

घाटवेडा
विकायची नाहीये. आवाजाचं बोला.

रबरबुश
गाडी जुनी आहे, लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश गेलेत. शंभर टक्के. माझ्या गाडीत हाच आवाज होता, बुश बदलले आणि गेला. बार वगैरे सगळा बोनेट उघडल्यावर दाखवायचा दागिना आहे हो.

पाना१३
रबरभाऊ, आवाज बार बसवल्यावर सुरू झालाय. बुश काय त्याच दिवसाचा मुहूर्त धरून बसले होते?

रबरबुश
आधीही असेल, लक्ष नसेल. नवीन वस्तू बसवली की माणूस कान टवकारून गाडी चालवतो.

पाना१३
तेही खरं. मग बार काढा, नट परत आवळा आणि त्याच रस्त्याने जाऊन या. आवाज राहिला तर रबरभाऊंकडे जा, गेला तर इकडे या. @घाटवेडा, बसवताना गाडी जॅकवर होती की चारी चाकं जमिनीवर? आणि वरचे नट कुठले काढले? बाहेरचे तीन की मधला?

घाटवेडा
जॅकवर होती बहुतेक, मी चहाला गेलो होतो. मधल्या नटला काय होतं?

पाना१३
मधल्या नटला हात लावू नका!! तो शॉकअपच्या दांड्याचा असतो, त्याच्याखाली स्प्रिंग दाबलेली असते. बार बसतो तो भोवतालच्या तीन नटांवर.

आता क्रम सांगतो. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर. एका बाजूचे तीन नट काढायचे, ब्रॅकेट ठेवायचा, नट हाताने लावायचे. मग दुसरी बाजू. दोन्हीकडचे एकदम सोडायचे नाहीत. मग टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) आवळायचं, आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. नुसत्या अंदाजाने आवळलं तर स्टड तुटतो, आणि तुटला की अख्खं माउंटिंग खाली उतरवावं लागतं. नट पक्के झाल्यावरच मधला दांडा जोडून हाताने फिरवायचा, खेळ (ढिलेपणा) संपेपर्यंत. शेवटी दोन्हीकडचे चेकनट, म्हणजे दांडा परत फिरू नये म्हणून त्याला टेकवून आवळायचे नट. बास.

ट्रॅकवाला
चुकीचं. हाताने आवळून काय फायदा? खेळ संपल्यावर पाऊण फेरा जास्त द्यायचा, टॉवर (शॉकअपचं वरचं टोक बसतं तो पत्र्याचा भाग) बाहेर ताणून बसले पाहिजेत. मी असंच करतो, स्टिअरिंग एकदम धारदार होतं.

पाना१३
ताणून काय मिळतं ते समजावा. वळणात एका बाजूवर जोर आला की दोन टॉवरमधलं अंतर केसभर बदलतं, बारने ते बदलू द्यायचं नाही एवढंच त्याचं काम. खेळ संपला की तो दाबालाही उभा राहतो आणि ओढीलाही. पाऊण फेऱ्याने उलट नुकसान होतं. तीन नटांच्या भोकांत थोडी मोकळीक असते. नट जरा ढिले असतील तर माउंटिंग बाहेर सरकतं आणि कॅम्बर पॉझिटिव्हकडे जातो, म्हणजे चाकाचं वरचं टोक बाहेर कलतं. घाटात नाक आत वळायला हवं तिथे गाडी सरळ पळायला बघते.

ट्रॅकवाला
तुम्ही ट्रॅकवर चालवलीय का कधी?

पाना१३
नाही. पण तो आंबोलीला चाललाय, ट्रॅकवर नाही.

कायदेपंडित
आवाजाचं राहू द्या, आधी आरटीओचं बघा. मोटार वाहन कायदा कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल चालत नाही.

चौथा_गिअर
अहो, नटावर बसवलेली पट्टी आहे, कापाकाप नाही की वेल्डिंग नाही. दहा मिनिटांत निघते.

कायदेपंडित
अपघात झाल्यावर विमावाल्याला हेच सांगा.

निळी_वॅगनआर
याने ॲव्हरेज वाढतं का? वॅगनआरला बसेल का?

नायट्रोजन_नाना
टायरमध्ये नायट्रोजन भरा, गाडी आपोआप स्थिर वाटते.

आटेवाले_काका
घाटवेडा, एक गोष्ट बघा. अशा बारच्या दांड्याला एका टोकाला सुलटे आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला उलटे, म्हणून तर मधला भाग फिरवला की दोन्ही टोकं एकदम आत किंवा बाहेर जातात. त्यामुळे एका बाजूचा चेकनटही उलट्या आट्यांचाच. पोरं नेहमीच्या सवयीने फिरवतात आणि तो घट्ट होण्याऐवजी दांड्यापासून लांब जातो. दोन्ही नट दांड्याला टेकलेत का, आणि दोन्ही टोकांचे आटे सारखेच आत गेलेत का, बघा. एक टोक जेमतेम अडकलं असेल तर बारचा उपयोग शून्य. बोनेटच्या आतून पट्टी आपटते का हेही बघा. पोरांच्या खेळण्यातली क्ले बारवर ठेवा आणि बोनेट अलगद लावून उघडा, चपटी झाली तर कळेल. तुमची उजव्या स्टिअरिंगची गाडी, ब्रेकचा बूस्टर उजवीकडेच. ब्रेक ऑइलची डबी आणि लोखंडी नळ्या बारपासून मोकळ्या आहेत ना? नळी घासत असेल तर गाडी जागची हलवू नका.

घाटवेडा
काका, उजवा चेकनट हाताने फिरतोय! नट आणि दांडा यांच्यात नखाएवढी फट. नळ्या मोकळ्या आहेत, मधून दोन बोटं जातात. क्ले शाबूत. नट उलटा फिरवून आवळला, आवाज बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. आता एकाच चाकाने स्पीडब्रेकर ओलांडला तरच येतो.

रबरबुश
बुश.

आटेवाले_काका
उजवा ब्रॅकेट काढून खालची बाजू बघा. सपाट बसला होता का? पत्र्याच्या सांध्यावर कारखान्यात सीलंटची जाड रेघ मारलेली असते, ब्रॅकेटची कड तिच्यावर चढली की नट घट्ट लागतात पण पट्टी एका बाजूने अधांतरी राहते. शिवाय पट्टीच्या जाडीमुळे स्टड आखूड पडतो. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) असतील तर स्टडचं टोक नायलॉनच्या कड्याबाहेर आलेलं दिसलं पाहिजे.

घाटवेडा
काढला. चाकं जमिनीवर ठेवून, एकाच बाजूचे नट. सीलंटचा गोळा आहे, त्यावर ब्रॅकेटच्या कडेची अर्धचंद्रासारखी खूण उमटलीय आणि बाजूचा रंग उडालाय. तीनपैकी एका स्टडचं टोक नायलॉनच्या आतच. गॅरेजवाल्याला फोटो पाठवला तर अंगठा पाठवला त्याने.

आटेवाले_काका
सीलंट खरवडू नका, पाणी जाऊन सांधा गंजेल. ब्रॅकेटची कड कानशीने तेवढ्यापुरती घासा. उडालेल्या रंगावर प्रायमर लावा. त्या स्टडला तेवढ्याच ग्रेडचा, कमी उंचीचा लॉकनट लावा, आटे पूर्ण धरले पाहिजेत. साधा नट ढकलून मोकळे होऊ नका.

घाटवेडा
केलं सगळं. सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून दोन्ही बाजूंनी नेऊन बघितली, आवाज बंद. आता अलाइनमेंट करावी लागेल का? शुक्रवारीच वेळ आहे.

पाना१३
वरचे नट सोडले होते, म्हणजे करायलाच हवी. टो (वरून बघता चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) नुसता जुळवून देतात, ते चालणार नाही. कॅम्बरचे डावे-उजवे आकडे छापून मागा. दोन्हींत फरक दिसला तर बारचा चेकनट सोडा, ढिला करून परत मोजायला सांगा. आणि आंबोलीहून आल्यावर सगळ्या नटांना एकदा रेंच लावा.

ट्रॅकवाला
आकडे बरोबर आले की पाव फेरा देऊन बघा. पाऊण नको म्हणताय तर पाव.

घाटवेडा
शनिवारनंतर बघू. कायदेपंडित, विम्याचं एजंटला विचारलंय. तो म्हणाला, स्ट्रट बार म्हणजे काय?

निळी_वॅगनआर
ॲव्हरेजचं कुणी सांगेल का?